पप्पांची चांदणी

परवा रात्री जेवणं आटोपली आणि नगरहून पप्पांचा फोन आला. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून नगरच.) तब्येत, पाणी, गॅस सिलिंडर हे नेहमीचे विषय झाल्यावर म्हणाले, "येताना लाल पतंगाचा कागद आण. इथला फार पातळ निघतो, खळ लागली की फाटतो."

"किती ताव?"

"सहा. दोन फाटणार धरून."

पप्पा ऐंशीचे आहेत. गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरतो. चहाची कपबशी धरताना आवाज होतो म्हणून हल्ली ते स्टीलच्या पेल्यातून चहा घेतात. आणि हा माणूस नाताळची चांदणी करायला बसणार! मी म्हटलं, "पप्पा, या वर्षी विकत आणू या ना. प्लॅस्टिकच्या छान मिळतात, आत एलईडी असतो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "अकरा वर्षं आधीच गेलीत. आता एकही घालवायची नाही."

या अकरा वर्षांची गोष्ट घरातल्या धाकट्यांना माहीत नाही. मलाही पूर्ण माहीत नव्हती. म्हणून आज लिहून ठेवतोय.

पप्पा प्रेसमध्ये कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं, बारशी आणि निवडणुका जुळवून घरी आले, की हात धुऊन पुन्हा काहीतरी हातात घ्यायचेच. कधी लाकडाचा तुकडा, कधी तार, कधी प्रेसमधून आणलेल्या कागदाच्या पट्ट्या. डिसेंबर लागला की चांदणी. ती करायला त्यांना शिकवलं शेजारच्या काकांनी. हे काका दिवाळीचे आकाशकंदील करण्यात पटाईत. बांबूच्या कामट्या तासायच्या कशा, सांध्याला दोरा कुठल्या बाजूने फिरवायचा, मैद्याची खळ किती घट्ट ठेवायची, हे सगळं त्यांचं. दिवाळीत पप्पा त्यांना मदत करायचे, नाताळात ते आम्हाला. फरक म्हणाल तर दिवाळीच्या कंदिलाला खाली झिरमिळ्या आणि आमच्या पाच टोकांच्या चांदणीला नाहीत, एवढाच!

1983 च्या नाताळात मंडळीतले एक वडीलधारे आमच्याकडे आले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. दारातच थांबून त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "हा आकाशकंदील कशासाठी?" पप्पा म्हणाले, "चांदणी आहे, बेथलेहेमची." ते आत आले, करंजी खाल्ली, प्रार्थना केली आणि उठताना म्हणाले, "याला किती दिवस लागले? तेवढ्या वेळात शास्त्राची किती पानं वाचून झाली असती? ख्रिस्ती माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो." आवाज चढलेला नव्हता. बहुतेक म्हणूनच ते खोल गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी चांदणी उतरवली. कामट्या सोडवल्या, दोऱ्याने बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. 1984 पासून 1994 पर्यंत आमच्या दारावर काहीही लागलं नाही. संध्याकाळी ते खुर्चीत बसून शास्त्र वाचायचे. वाचायचे म्हणजे पान उघडं असायचं. आई नंतर एकदा म्हणाली, "त्या वर्षांत हे घरात असायचे, पण हात कुठे ठेवावेत ते यांना कळायचं नाही."

मला पुढे बरीच वर्षं त्या गृहस्थांचा राग होता. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ते वाक्य त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्याने फार लांबचा प्रवास केला होता.

नगरमध्ये 1831 साली ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केलं, त्याची मूळ संस्था 1810 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी 1813 ला मुंबईत उतरले. हे लोक न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटनांच्या परंपरेतले. आणि या प्युरिटनांनी, ऐकून धक्का बसेल, 1659 साली चक्क नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती! जो कुणी त्या दिवशी काम बंद ठेवील किंवा मेजवानी करील त्याला पाच शिलिंग दंड. कायदा 1681 ला मागे घेतला, पण मनातून तो लवकर गेला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची अधिकृत सुट्टी सुरू झाली ती 1856 साली. म्हणजे नगरला पहिले मिशनरी येऊन पंचवीस वर्षं झाल्यानंतर! ज्यांच्या स्वतःच्या गावात 25 डिसेंबरला दुकानं आणि शाळा चालू असत, त्यांनी आपल्याकडे शाळा काढल्या, मुलींना शिकवलं, दुष्काळात माणसं जगवली. हे ऋण मोठंच आहे. पण सोबत ती सावधगिरीही आली. रंगाची, सजावटीची, नुसत्या हौशीची.

त्याच्याही मागे गेलं तर 1524 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातल्या चर्चमधून चित्रं आणि पुतळे काढून टाकले गेले, पुढे उपासनेतलं संगीतही थांबलं. या सुधारणेचा पुढारी झ्विंग्ली. गंमत (की दुःख?) अशी, की तो स्वतः उत्तम वादक होता, कितीतरी वाद्यं त्याला यायची. मूर्तिपूजेची भीती आणि हाताची हौस एकाच माणसात राहत होत्या आणि चर्चपुरती तरी भीती जिंकली.

पण ख्रिस्ती इतिहासात एकच वाट नाही. दुसरी एक वाट थेट पप्पांच्या चांदणीकडे येते.

बोहेमियात यान हुस नावाच्या धर्मसुधारकाला 1415 मध्ये जिवंत जाळलं. त्याच्या विचारातून 1457 साली एक बंधुमंडळी तयार झाली. पुढे छळाला कंटाळून त्यांच्यातली काही कुटुंबं 1722 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर आली. तिथे त्यांनी वसवलेलं गाव म्हणजे हेर्नहुट. यांना मोरेव्हियन म्हणतात. 1732 पासून यांनी जगभर मिशनरी पाठवले, थेट वेस्ट इंडिजमधल्या गुलामांपर्यंत. आईवडील असे लांबच्या देशात, मग मुलं राहायची निवासी शाळांत.

अशीच एक मुलांची शाळा होती नीस्कीला. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे भूमितीच्या तासाला कागदाची चांदणी करायला शिकवू लागले. भूमिती खरंच आहे हो त्यात. मधला गाभा 26 बाजूंचा असतो: 18 चौकोन आणि 8 त्रिकोण. एक चौकोन टांगण्यासाठी आणि दिव्यासाठी मोकळा सोडायचा. उरलेल्या 17 चौकोनांवर चौकोनी बुडाची टोकं आणि 8 त्रिकोणांवर त्रिकोणी बुडाची. एकूण 25. शाळेच्या एका वर्धापनदिनाला तर 110 टोकांची चांदणी टांगली होती म्हणतात. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना आपण आगमनकाळ म्हणतो. त्याच्या पहिल्या रविवारी ही चांदणी लावायची आणि 6 जानेवारीला, मागी लोकांच्या सणाला, उतरवायची.

मला ती मुलं डोळ्यांपुढे येतात. बाहेर बर्फ, आईवडील समुद्रापार, पत्र यायला कित्येक महिने. कुणी सांगितलं असतं, "बाळांनो, शास्त्र वाचा, दुःख कमी होईल," तर ते चूक नव्हतं. पण तिथल्या शिक्षकांनी मुलांच्या हातात कागद, कात्री आणि खळ दिली. कोन चुकला की टोक बसत नाही, मग पुन्हा घडी. जमलं, आत दिवा लागला, की सगळा वर्ग उजळतो. त्या क्षणाला प्रार्थना म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पुढे याच शाळेच्या फेर्बेक नावाच्या माजी विद्यार्थ्याने आपल्या पुस्तकांच्या दुकानातून या चांदण्या आणि त्या करायची कृती विकायला सुरुवात केली, त्याच्या मुलाने हेर्नहुटला कारखाना काढला. तिथे आजही त्या हाताने जुळवतात.

हे मोरेव्हियन भारतातही आले, पण आपल्याकडे नाही, पार हिमालयात. 1856 ला लाहौलमधलं केलाँग, 1885 ला लेह. केलाँगला मारिया हायडे या मिशनरी बाईंनी तिथल्या बायकांना लोकरीचं विणकाम शिकवलं. आज मनालीच्या बाजारात आपण लाहौली मोजे म्हणून जे रंगीत नक्षीचे मोजे घेतो ना, त्या विणकामाचा एक धागा या बाईंपर्यंत जातो. कुणी म्हणेल, सुवार्ता सांगायची सोडून मोजे कसले विणता? पण त्या थंडीत पायात घातलेला मोजा हीसुद्धा सुवार्ताच!

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्या नगरमध्येच रेव्हरंड टिळक होऊन गेले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला, पुढची कितीतरी वर्षं ते नगरला होते. तोवर मंडळीत बरीचशी गीतं इंग्रजीवरून भाषांतर केलेली, चालीही तिकडच्या. टिळकांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली, कीर्तनं केली. धर्म बदलला म्हणून टाळ-चिपळ्या खाली ठेवायच्या, हे त्यांना पटलंच नाही. फुलांचं आणि मुलांचं त्यांना भारी वेड. आणि लक्ष्मीबाई! लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई संसार, दुष्काळ, प्लेग, माणसांचा राबता यांतून वेळ काढून लिहीत राहिली. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिनेच पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं, की हसणं आणि विश्वास या गोष्टी तिने कधी वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या नाहीत.

आता पप्पांकडे येतो. 1995 च्या नाताळाला माळ्यावरून कामट्या खाली आल्या. का आल्या हे पप्पांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. परवा फोनवर शेवटी विचारलंच. "निर्गम," ते म्हणाले. "एकतिसावा अध्याय. बसालेल."

तर त्या अकरा वर्षांच्या शास्त्रवाचनात त्यांना हा भेटला होता. इस्राएल लोक रानात आहेत, निवासमंडप बांधायचाय. देव मोशेला सांगतो, की यहूदा वंशातल्या बसालेलला मी निवडलंय आणि माझ्या आत्म्याने भरलंय. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकडावर कोरीवकाम करायला. भाकीत सांगायला नाही, लढायला नाही, उपदेश करायलाही नाही. पप्पा म्हणाले, "मी ते आधीही वाचलं असणार. पण त्या दिवशी वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर माझ्यासारख्या माणसाबद्दल आहे. शास्त्र वाच म्हणाले म्हणून वाचत बसलो, तर शास्त्रानेच मला परत खळ करायला पाठवलं!"

मी विचारलं, "मग त्यांना जाऊन सांगितलंत का?"

"ते तोवर गेले होते रे." जरा थांबून म्हणाले, "आणि सांगून काय करायचं? ते चांगले होते. त्यांना कुणी काही करायला शिकवलं नसेल."

माझा चाळीस वर्षांचा राग त्या एका वाक्याने बसला. पूर्ण नाही, पण बसला.

मीही इतकी वर्षं माझ्या परीने त्या वडीलधाऱ्यांसारखाच वागत आलो हे कळलं. मला पानांऐवजी पैशांचा हिशोब. शंभर-दीडशे रुपयांत मिळते, चार दिवस कशाला घालवायचे? बेथानीत मरियेने सुगंधी तेलाची कुपी प्रभूवर ओतली तेव्हा शिष्यांनीही हाच सवाल केला होता, ही नासाडी कशाला म्हणून. त्यांच्याकडे आकडासुद्धा तयार होता, तीनशे दिनार! प्रभू मात्र म्हणाला की तिने चांगलं काम केलंय.

शनिवारी कागद घेऊन नगरला गेलो. सहाच्या जागी आठ ताव नेले. पप्पांनी कामट्या आधीच तासून ठेवल्या होत्या, त्यांना किती दिवस लागले ते विचारलं नाही. सांध्याला दोरा बांधताना त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी काही न बोलता टोक माझ्याकडे दिलं. मी चुकीच्या बाजूने फिरवला. "उलटा," ते म्हणाले. मी सोडला, पुन्हा बांधला. बाहेर शेजारच्या काकांचा नातू येऊन उभा राहिला होता. त्यालाही एक कामटी धरायला दिली.

तीन ताव फाटले. टोकांपैकी एक जरा वाकडं आहे, ते माझं. पण रात्री बल्ब लावला आणि दारापुढचं अंगण लाल झालं. आई आतून चहा घेऊन आली. पप्पांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ वर बघत बसले.

असो. बरंच लांबलं. घरच्यांपैकी कुणी वाचत असेल तर, पुढच्या वर्षी 25 टोकांची करायचं घाटतंय. भूमिती ज्याची चांगली असेल त्याने आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधी नगरला यावं. खळ पप्पा करणार आहेत.