लोखंडाचा बर्फ

आडनावांच्या अभ्यासात माणूस बहुतेक वेळा आपल्याच आडनावाचे बोट धरून शिरतो. आपले मूळ गाव कोणते, वतन कुठले, अमुक घराण्याशी आपले काही नाते लागते का, असे प्रश्न घेऊन. त्यात गैर काही नाही. पण स्वतःच्या आडनावात मन इतके गुंतलेले असते की पुरावा डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. म्हणून या विषयाच्या उंबरठ्यावर वाचकाचे स्वागत करताना मी त्याला मुद्दाम एका परक्या घरी नेणार आहे. घर जर्मन माणसांचे, पण उभे राहिले अमेरिकेत. आडनाव ऐकताच ओळखीचे वाटेल : आयझेनहॉवर.

ड्वाइट आयझेनहॉवर 1953 ते 1961 अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, त्याआधी दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती. त्यांचे नाव अमेरिकेच्या महामार्गांना आहे, विमानवाहू नौकेला आहे, एके काळी डॉलरच्या नाण्यावर त्यांचा मुखवटा होता. त्यामुळे हे आडनाव तिथे बरेच आढळत असेल असे आपण धरून चालतो. वास्तवात ते विरळ आहे. आणि ही विरळता नेमकी कशाची, हे शोधू लागलो की या विषयाची जवळजवळ सगळी दालने एकेक करून उघडतात.

आधी अर्थ. जर्मनमध्ये ‘आयझन’ म्हणजे लोखंड आणि ‘हाउअर’ म्हणजे घाव घालणारा, फोडणारा, तोडणारा. खाणीत खडक फोडून खनिज काढणाऱ्या कामगारालाही ‘हाउअर’च म्हणत. दगड घडवणारा ‘श्टाइनहाउअर’, मांस तोडणारा ‘फ्लाइशहाउअर’, तसा हा ‘आयझनहाउअर’. जर्मन मुलखात आडनावे साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकांत स्थिरावत गेली आणि त्यांतली फार मोठी संख्या धंद्यावरून पडली. गावावरून पडलेलीही पुष्कळ आहेत. आपल्या ‘कर’चे काम तिथे बरेचदा ‘अर’ हा प्रत्यय करतो. ऱ्हाइनकाठच्या नॉयवीडजवळच्या रॉकेनफेल्ड गावचा तो रॉकेनफेलर, आणि त्याचाच अमेरिकेत रॉकफेलर झाला. रत्नागिरीकर म्हणावे इतके सरळ. फक्त हे आडनाव ऐकताना कोणाला गाव आठवत नाही, तेल आठवते.

धंद्यावरच्या नावांची गंमत अशी की एकाच धंद्याला प्रांतोप्रांती वेगळा शब्द असतो. खाटिक कुठे ‘मेट्झगर’, कुठे ‘फ्लाइशर’, कुठे ‘फ्लाइशहाउअर’. लोहाराचे ‘श्मिट’ हे आडनावही दक्षिणेत एका वर्णरचनेने लिहितात, ऱ्हाइनच्या बाजूला दुसऱ्या आणि मध्य-उत्तरेत तिसऱ्या. कोनराड कुन्त्से आणि दामारिस न्यूबलिंग यांच्या संपादनाखाली 2009 पासून निघालेल्या जर्मन आडनावांच्या नकाशासंग्रहात ही सगळी विभागणी नकाशांवर मांडलेली आहे. त्यासाठी त्यांनी 2005 सालच्या घरगुती टेलिफोन-जोडण्यांची यादी वापरली. अभ्यासकाने साधन कुठे शोधावे याचा हा एक नमुनाच. टेलिफोनची यादी कोणी इतिहास म्हणून जपत नाही, पण शेकडो वर्षे माणसे आपल्या मुलखाला किती चिकटून राहिली हे तिच्याइतके स्पष्ट सांगणारे दुसरे काही नाही.

आता अमेरिका. राष्ट्राध्यक्षांचे पूर्वज हान्स निकोलाउस आयझनहाउअर 1741 मध्ये फिलाडेल्फियाला उतरले. ते आले कार्ल्सब्रुनहून. आजच्या जर्मनीच्या सारलँड प्रांतातले, फ्रान्सच्या सीमेलगतचे हे रानातले खेडे. पेनसिल्व्हेनियात त्या काळी जर्मन माणसांची रीघ लागली होती, आणि इंग्रज अधिकाऱ्यांना या गर्दीची धास्ती वाटू लागली होती. म्हणून 1727 पासून तिथे नियम झाला की जहाजातून उतरलेल्या परदेशी पुरुषांनी, वय सोळाच्या वर असेल तर, राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि सही करायची. धास्तीपोटी केलेल्या या नियमाने पुढच्या अभ्यासकांना घबाडच मिळवून दिले. एकेका जहाजाच्या तीन-तीन याद्या झाल्या : एक कप्तानाची, दोन शपथांच्या. राल्फ स्ट्रासबर्गर आणि विल्यम हिंके यांनी 1934 मध्ये त्या तीन खंडांत छापल्या आणि एक अख्खा खंड सह्यांच्या हुबेहूब प्रतिमांना दिला.

या खंडांशेजारी बसून केलेले काम मला या विषयातले सर्वांत सुखाचे काम वाटते. कप्तान इंग्रज, त्याने कानाला जे ऐकू आले ते लिहिले. शपथेच्या कागदावर उतारूने स्वतः सही केली, ती जर्मन वळणाच्या जुन्या लिपीत, जी इंग्रज कारकुनाला वाचता येत नसे. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने खूण केली आणि नाव कारकुनाने घातले. एकच माणूस, बंदर तेच, तरी नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले. यांतले ‘खरे’ कोणते, असे नवखा वाचक हमखास विचारतो. ‘खरे’ असे कोणतेच नव्हते. त्या काळात आडनावाचे स्पेलिंग ही माणसाची मालमत्ता झालेली नव्हती. ती लिहिणाऱ्याच्या हातातली गोष्ट होती.

याच हातांनी आयझनहाउअरची पिलावळ तयार केली. पेनसिल्व्हेनियातल्या एका शाखेने शेवटचा तुकडा ‘हॉवर’ असा केला, म्हणजे जर्मन ‘एयू’ काढून इंग्रजी ‘ओडब्ल्यू’ घातला. वरवर पाहता मूळ नाव बिघडले. पण इंग्रजीत ‘हाउ’ हा शब्द ‘ओडब्ल्यू’नेच लिहितात, मूळ जर्मन अक्षरे तशीच ठेवली असती तर शेजाऱ्यांनी ‘हॉअर’ असा काहीतरी उच्चार केला असता. अक्षरे बदलली ती आवाज वाचवण्यासाठी. नॉर्थ कॅरोलायनात याच नावाचे ‘आयझनआवर’ झाले. कुठे पहिल्या तुकड्यात इंग्रजी कानाला ‘आइस’ ऐकू आला, आणि कारकुनाने खरोखरच बर्फाचे स्पेलिंग घालून ‘आइसनहॉवर’ लिहून टाकले. लोखंड फोडणाऱ्याच्या वंशजांच्या दारावर बर्फाची पाटी लागली. उत्तरेला, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात, 1753 मध्ये वसवलेल्या लूननबर्गला जर्मन आणि स्विस प्रोटेस्टंट कुटुंबे आणून बसवली होती. तिथल्या आयझनहाउअरांचे बोलता बोलता ‘आइझनर’ आणि मग नुसते ‘इझनर’ झाले. हे शेवटचे रूप पाहून कोणाला लोखंड आठवेल?

एका झाडाच्या या चार-पाच फांद्या वेगवेगळ्या मोजल्या की प्रत्येक दुर्मिळ ठरते. माझ्या मते या क्षेत्रात शिरताना धरून ठेवण्यासारखी गोष्ट ही आहे : अमेरिकेतल्या जर्मन आडनावांची दुर्मिळता पुष्कळदा वंशाची नसते, वर्णरचनेची असते. कोण्या वहीत, कोण्या हाताने एक अक्षर इकडचे तिकडे केले आणि तिथून नवे आडनाव सुरू झाले. त्याचे कुळ शोधायचे तर रक्ताआधी ते हात शोधावे लागतात.

उलट बाजूही पाहावी. ज्यांची नावे सहज भाषांतर होण्यासारखी होती ती गर्दीत मिसळून गेली. श्मिट स्मिथ झाले, त्सिमरमान कार्पेंटर, श्वार्त्स ब्लॅक. 2010 च्या जनगणनेत स्मिथ आडनावाची 24,42,977 माणसे नोंदली गेली. त्यांत मूळचे श्मिट किती, हे ती संख्या सांगू शकत नाही. जर्मनीच्या नकाशावर वर्णरचनेनिशी आपला मुलूख सांगणारे नाव समुद्र ओलांडल्यावर मुके झाले. आयझेनहॉवर मात्र एवढे मोडूनही बोलते आहे. अभ्यासकाला अवघड वाटणारे नाव खरे तर त्याच्या सोयीचे असते.

दुर्मिळ म्हणजे किती, हा प्रश्न सोपा नाही. अमेरिकेचे जनगणना खाते शंभर किंवा त्याहून अधिक माणसांची आडनावेच जाहीर करते. 2010 च्या यादीत अशी 1,62,253 आडनावे आहेत. प्रत्यक्ष नोंदलेली वेगवेगळी आडनावे सुमारे 63 लाख होती, आणि त्यांतली साठ टक्क्यांहून अधिक फक्त एकेकदाच आली. यांतली बरीच हात चुकल्याने किंवा अक्षर न लागल्याने जन्मली असणार. म्हणजे 1741 च्या बंदरावरचा कारकून अजून कामावर आहे.

दुर्मिळतेला दुसरे एक कारण आहे आणि त्यात कोणाचा हात नसतो. बापाकडून मुलाकडे जाणारे नाव मुलगे नसतील तिथे थांबते. इंग्लंडातल्या फ्रान्सिस गाल्टनने हा प्रश्न गणितज्ञांपुढे टाकला आणि 1874 मध्ये हेन्री वॉटसन या पाद्र्याबरोबर त्यावर निबंध छापला. वॉटसनने पद्धत अचूक बसवली, पण उत्तर चुकवले : सगळीच आडनावे कधी ना कधी नामशेष होणार असे तो म्हणाला. पिढीमागे सरासरी एकाहून अधिक मुलगे असतील तर नाव टिकण्याला जागा उरते, हे समीकरणाचे दुसरे उत्तर त्याच्या नजरेतून सुटले. राष्ट्राध्यक्षांच्या आईवडिलांना सात मुलगे झाले, सहा वाढले. नाव आता पसरणार, असे वाटावे. खुद्द ड्वाइट यांना दोन मुलगे, त्यांतला थोरला तीन वर्षांचा असताना 1921 मध्ये गेला. त्यांच्या शाखेत नाव पुढे न्यायला एकच उरला.

एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही कथा वाचकाने ऐकलेली असेल. तिच्यावर फार वेळ घालवू नये. ते ठाणे 1892 मध्ये उघडले आणि तिथे जहाजावरून आलेल्या यादीशी माणसे ताडून पाहत. नावे बदलली ती बहुधा माणसांनीच, नंतर, आपल्या सोयीने. आयझनहाउअर तर त्याच्या दीडशे वर्षे आधी आलेले.

दोन व्यावहारिक सूचना मात्र इथेच देऊन ठेवतो. जुन्या जर्मन नोंदवह्यांत बाईच्या आडनावाला ‘इन’ लागतो. ‘आयझनहाउअरिन’ हे वेगळे कुळ समजून अनेकांनी महिने वाया घालवले आहेत. आणि वहीत बाप्तिस्मा सापडला नाही म्हणून मूल जन्मलेच नाही असे समजू नये. राष्ट्राध्यक्षांचे आजोबा जेकब रिव्हर ब्रेदरेन या पंथाचे उपदेशक होते. 1878 मध्ये ते पंथबांधवांसह पेनसिल्व्हेनियाहून कॅन्ससला गेले. हा पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाही, मोठेपणी देतो. अशा घरात लूथरपंथीयांसारखी जन्माची नोंद शोधणे म्हणजे नसलेल्या विहिरीत दोर सोडणे.

हा सगळा छंद फावल्या वेळाचा वाटत असेल तर एक हिशेब सांगतो. 1790 च्या पहिल्या अमेरिकी जनगणनेत कोण कुठल्या देशाचा हे विचारलेले नव्हते; कुटुंबप्रमुखांची नावे तेवढी होती. 1909 मध्ये जनगणना खात्याने त्या आडनावांवरून अंदाज बांधला की गोऱ्या वस्तीत जर्मन 5.6 टक्के होते आणि इंग्रज 80 टक्क्यांहून अधिक. ज्याचे आडनाव इंग्रजी दिसले तो इंग्रज, असा तो कारभार. म्हणजे सगळे श्मिट स्मिथांच्या खात्यात. 1924 च्या कायद्याने परदेशातून येणाऱ्यांचे वार्षिक कोटे अमेरिकनांच्या मूळ देशांच्या प्रमाणात ठरवायचे झाले, तेव्हा हा अंदाज एकदम जिवावरचा झाला. हॉवर्ड बार्कर यांनी विद्वत्‌समितीसाठी आडनावे पुन्हा तपासली. एखाद्या देशात ठळकपणे आढळणारी नावे घ्यायची, तिथे ती किती टक्के लोकांची आहेत ते पाहायचे, आणि त्यावरून अमेरिकेतली संख्या काढायची, अशी त्यांची रीत. 1931 च्या अहवालात जर्मन 8.7 टक्क्यांवर आले, पेनसिल्व्हेनियात तर तिसरा हिस्सा, आणि इंग्रज साठीच्या आसपास उतरले. अहवाल निघण्याआधीच कोट्यांत धरलेल्या या नव्या मोजणीने आयरिश आणि जर्मन वाटा वाढला, तरी मूळ देशांच्या हिशेबाने 1929 पासून जर्मनीचा कोटा 51,227 वरून 25,957 वर आला आणि ब्रिटनचा 34,007 वरून 65,721 वर गेला. आडनावे वाचण्याच्या पद्धतीवर हजारो माणसांचा प्रवास अडला. बार्कर यांच्या पद्धतीवरही पुढे आक्षेप आले, ते मला रास्त वाटतात. तरी दुर्मिळ पण ठळक नाव हेच भरवशाचे माप, ही त्यांची दृष्टी आजही उपयोगी पडते.

शेवटी लेखनाबद्दल. डिसेंबर 1959 मध्ये आयझेनहॉवर दिल्लीला आले. आपण मराठीत त्यांचे नाव ‘हॉवर’ असे लिहितो. आपण त्यांचा उच्चार ऐकून लिहिले नाही, इंग्रजी स्पेलिंग वाचून लिहिले. पेनसिल्व्हेनियात ज्या ‘ओडब्ल्यू’ने ‘हाउ’ हा आवाज राखला, त्याच्यावरूनच आपण तो घालवला. शिंद्यांचे ‘सिंदिया’ करणाऱ्या इंग्रजांची थोडी परतफेड झाली म्हणायची, फक्त चुकीच्या पत्त्यावर. ही रूढी मोडण्याचा माझा विचार नाही. पुढच्या पानांत जर्मनीतल्या माणसांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत आणि अमेरिकेतल्यांची मराठीत रुळलेल्या रूपात. सूचीत आयझनहाउअर आणि आयझेनहॉवर ही दोन्ही रूपे घातली आहेत, आणि त्यांच्याखाली आइसनहॉवर, आइझनर आणि इझनर.