टर्बो गाडीचं 'स्टेज १, स्टेज २' म्हणजे नेमकं काय? जास्तीची पॉवर येते कुठून आणि तिची किंमत कोण मोजतं?

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसते. साधीसुधी दिसणारी पोलो मोठ्या एसयूव्हीला मागे टाकून निघून जाते आणि खाली कॅप्शन असतं, "स्टेज २, भावा!" मग कमेंटमध्ये प्रश्नांची रांग लागते. किती पॉवर वाढली? इंजिन टिकतं का? पोलीस पकडतात का?

तीस सेकंदांच्या रीलमध्ये याची उत्तरं मिळत नाहीत. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ. उदाहरण घेऊ फोक्सवॅगन पोलोचंच, कारण भारतात ट्यूनिंग करणाऱ्यांची ही लाडकी गाडी. आणि ती बनायची आपल्या चाकणच्या कारखान्यात.

टर्बो करतो तरी काय?

पेट्रोल जाळायला हवा लागते. साधं इंजिन बाहेरच्या दाबाची, म्हणजे साधारण १ बार दाबाची हवा ओढून घेतं. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल जळणार आणि तेवढीच पॉवर मिळणार. त्यामुळे पूर्वी जास्त पॉवर हवी म्हणजे मोठं इंजिन, असं सरळ गणित होतं.

स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली यावर एक युक्ती पेटंट केली. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हाच टर्बोचार्जर. छोट्या गाड्यांमधला टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो.

हवा दाबली की ती तापते. गरम हवा विरळ असते, म्हणून ती इंटरकूलरमधून गार करून आत सोडतात. दाब किती वाढू द्यायचा हे 'वेस्टगेट' नावाची झडप ठरवते. दाब पुरेसा झाला की ती उघडते आणि गरम वायू चक्राला वळसा घालून बाहेर जातो. या झडपेला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

आता ट्यूनिंगचं मर्म लक्षात येईल. साध्या इंजिनात सॉफ्टवेअर बदलून फारसं हाती लागत नाही, कारण हवा वाढवताच येत नाही. टर्बो इंजिनात मात्र ईसीयूमधले आकडे बदलले की दाब वाढतो, हवा वाढते, पेट्रोल वाढतं आणि पॉवरही वाढते. पाना हातात न घेता.

मग कंपनीच जास्त पॉवर का देत नाही?

कंपनीला जमत नाही म्हणून नव्हे. १.० लिटर टीएसआय इंजिन पोलोमध्ये ११० पीएस द्यायचं, तेच पुढे टायगुन आणि कुशाकमध्ये ११५ पीएस देऊ लागलं. एकाच घराण्यातल्या इंजिनाचे आकडे कंपनी स्वतःच वेगवेगळे ठेवते.

पण कंपनीला एकच गाडी सगळ्यांना विकायची असते. कोणी ती मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात चालवणार, कोणी पाच माणसं आणि सामान घालून आंबेनळी घाट चढवणार. कोणी गावातल्या पंपावरचं साधं पेट्रोल भरणार, तर कोणी ऑइल बदलायची तारीख विसरणार. यातल्या प्रत्येकाची गाडी वॉरंटीभर चालली पाहिजे, शिवाय प्रदूषणाच्या चाचणीत बसली पाहिजे. यासाठी जी पॉवर राखून ठेवलेली असते, ती म्हणजे मार्जिन.

ट्यूनर नवीन पॉवर निर्माण करत नाही. तो हे मार्जिन खर्च करतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुढचं सगळं सोपं होईल.

स्टेज १, २, ३ कशाला म्हणतात?

हे काही सरकारी मानक नाही. प्रत्येक ट्यूनरची व्याख्या थोडी वेगळी असते. ढोबळमानाने असं समजा:

- स्टेज १: गाडीचे भाग मूळचेच, फक्त सॉफ्टवेअर बदललेलं. यालाच रिमॅप म्हणतात. टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये साधारण १५ ते ३० टक्के वाढीचा दावा केला जातो.
- स्टेज २: मोकळा श्वास घेणारं इनटेक, मोठा इंटरकूलर, मोठ्या व्यासाचा डाउनपाइप आणि त्या भागांना साजेसा मॅप.
- स्टेज ३: टर्बोच मोठा. मग इंजेक्टर, पेट्रोल पंप, क्लच आणि कधीकधी पिस्टन-रॉडपर्यंत काम जातं.

याशिवाय 'ट्यूनिंग बॉक्स' नावाचा एक स्वस्त प्रकार मिळतो. तो ईसीयूमधलं काही बदलत नाही. सेन्सरच्या वायरीत बसून ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो, म्हणून ईसीयू दाब वाढवतो. म्हणजे ज्याने इंजिन सांभाळायचं, त्यालाच चुकीची माहिती द्यायची. काढायला सोपा म्हणून तो खपतो, पण चांगल्या मॅपची बरोबरी त्याला करता येत नाही.

आकड्यांचा हिशोब

२०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयचे आकडे पाहू. १.२ लिटर इंजिन, १०५ पीएस पॉवर आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. हा टॉर्क १५०० ते ४१०० आरपीएमपर्यंत सपाट मिळतो.

टॉर्क आणि पॉवर यांचं नातं सोपं आहे. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, पीएसमध्ये पॉवर मिळते. १७५ गुणिले ४१०० भागिले ७०२४ म्हणजे साधारण १०२ पीएस. समजा रिमॅपनंतर त्याच ४१०० आरपीएमला टॉर्क २२० झाला, तर पॉवर होते १२८ पीएस. टर्बो गाडी चालवताना पाठीला बसणारा धक्का याच मधल्या पट्ट्यातला असतो.

आता गिअरबॉक्स पाहा. या गाडीतला सात गिअरचा डीएसजी, ज्याला डीक्यू२०० म्हणतात, २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. १७५ ला भरपूर जागा होती. २२० ला जागा उरते, पण थोडी. त्यात हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये तो आधीच तापतो. त्यामुळे "२५० च्या वर टॉर्क काढून देतो" असं कोणी सांगितलं, तर गिअरबॉक्सचं काय करणार हा पहिला प्रश्न विचारा.

इंजिन मरतं ते नॉकिंगमुळे

दाब वाढवला की सिलिंडरमधली उष्णता वाढते. एका मर्यादेनंतर स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हे नॉकिंग. पिस्टनवर हातोडीचे घाव बसावेत तसा हा प्रकार असतो. ईसीयू नॉक सेन्सरवरून ते ओळखतो आणि स्पार्क उशिरा देतो. इंजिन वाचतं, पण पॉवर घटते. मॅप फारच आक्रमक असेल तर वाचवायलाही वेळ मिळत नाही. पिस्टनच्या रिंगांमधली जागा तुटते किंवा रॉड वाकतो.

नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. बीएस ६ मानकं आली तेव्हा साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ होता. प्रीमियममध्ये ९५, ९७, ९९ आणि १०० असे प्रकार मिळतात. ९७ ऑक्टेन धरून बनवलेला मॅप गाडीत असेल आणि कोकणात जाताना तसं पेट्रोल मिळालं नाही, तर जोर लावून ओव्हरटेक करण्याचा मोह टाळावाच लागतो. मॅप कुठल्या पेट्रोलसाठी बनवला आहे, हे लिहूनच घ्या.

इथेनॉलचा मुद्दाही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, पण १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला साधारण ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्टर आणि पंप आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील, तर मिश्रण पातळ होतं. दाब वाढवलेल्या इंजिनात पातळ मिश्रण म्हणजे धोका.

काम कुठल्या क्रमाने करावं?

बहुतेक लोक आधी पॉवर वाढवतात आणि ब्रेक नंतर बघतात. क्रम उलटा हवा.

आधी गाडीची तब्येत तपासा. कॉम्प्रेशन टेस्ट, होजमधली गळती, कूलंट, स्पार्क प्लग, कॉइल आणि क्लच. जुन्या गाडीतली लपलेली दुखणी वाढीव दाबाने बाहेर येतात आणि मग दोष रिमॅपला दिला जातो.

दुसरा नंबर टायर आणि ब्रेकचा. ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा २० नव्हे, ४४ टक्क्यांनी जास्त असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही सगळी ऊर्जा ब्रेकला पचवावी लागते. चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि दमदार टायर हे कुठल्याही मॅपपेक्षा जास्त कामाचे.

तिसरं म्हणजे उष्णता. आपल्या हवेत मोठा इंटरकूलर हा सर्वांत शहाणपणाचा खर्च. पहिल्या दोन-तीन दणक्यांनंतर पॉवर घटण्याचं कारण बऱ्याचदा तापलेली हवा असते.

मग मॅप. चांगला ट्यूनर आधी आणि नंतर एकाच डायनोवर मोजणी करतो. वेगवेगळ्या डायनोचे आकडे जुळत नाहीत, त्यामुळे फक्त नंतरचा आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो गाडी रस्त्यावर नेऊन लॉगिंगही करतो, म्हणजे दाब, हवेचं तापमान, मिश्रण आणि स्पार्क किती मागे जातोय याची नोंद घेतो. मूळ फाइलची प्रत तुम्हाला देतो. "सगळ्या गाड्यांना हाच मॅप टाकतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आणि मॅपनंतर ऑइल लवकर बदला. जोरात चालवल्यावर गाडी लगेच बंद करू नका, शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा. टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या गोष्टींना परवानगीने मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच कलम ठामपणे उचलून धरलं.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

कलमात 'रिमॅप' हा शब्द नाही, म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका. कुठल्याही मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र मिळतं ते मूळ सॉफ्टवेअर आणि मूळ कॅटकॉनसह. स्टेज २ च्या नावाखाली कॅटकॉन काढणं तर उघडच चुकीचं आहे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या नाकात जातो.

वॉरंटी आणि विमा

"सर्व्हिसला जाताना स्टॉक फाइल टाकून देतो, कळणार नाही" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला याची नोंद अनेक गाड्यांमध्ये राहते. फोक्सवॅगन समूहात बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीवर 'टीडी१' अशी खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सचा वॉरंटी क्लेम अडतो.

विम्याचा मुद्दा जास्त गंभीर आहे. पॉलिसी घेताना महत्त्वाची माहिती लपवली तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. बदल लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. अपघातात समोरच्याला इजा झाली आणि गाडीत बेकायदा बदल निघाले, तर तो वाद थेट मालकाच्या दारात येतो.

मग करायचं की नाही?

वॉरंटीतली किंवा घरची एकुलती एक गाडी असेल, तर टायर, ब्रेक, वेळेवर ऑइल आणि बरं पेट्रोल यावरच थांबलेलं बरं. ज्यांना खरंच वेगाची हौस आहे, त्यांच्यासाठी ट्रॅक आहेत. चेन्नईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा कारी स्पीडवे, शिवाय लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन'सारख्या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. तिथे हेल्मेट असतं, अ‍ॅम्ब्युलन्स असते आणि समोरून कोणी दूधवाला येत नाही.

ट्यूनरकडे जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर तो खर्च खिशातून झेपेल का? मी रोज भरतो त्या पेट्रोलवर हा मॅप चालेल का? आणि विमा कंपनीला हे सांगायची माझी तयारी आहे का? यातलं एक जरी उत्तर 'नाही' असेल, तर स्टेज १ सुद्धा तुमच्यासाठी नाही.