राखेचं सिमेंट : भेसळ की भर?

सोसायटीत दुरुस्तीचं काम निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हल्लीच्या सिमेंटमध्ये राख असते हो, पूर्वीचं राहिलं नाही." यातला पहिला भाग पुष्कळसा खरा आहे. दुसरा भाग रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने जरा तपासून पाहू.

राख घालून बांधणं हे आजच्या सिमेंटपेक्षा कितीतरी जुनं. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझ्झुओली भागातली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत. रोममधल्या पँथिऑनचा घुमट आत लोखंडी सळई नसतानाही सुमारे १९०० वर्षं उभा आहे. आपल्याकडे राखेची जागा सुरखीने, म्हणजे भाजलेल्या विटांच्या पुडीने घेतली.

१८२४ साली इंग्लंडच्या जोसेफ अस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आजचं सिमेंट बनवताना चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांवर भाजून क्लिंकर तयार करतात. यात इंधनाचा धूर होतोच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ९०० किलो! म्हणजे नुसतं इंधन वाचवून भागत नाही, क्लिंकरच कमी वापरावं लागतं.

याची वाट सापडली ती कारखान्यांच्या उकिरड्यात. १८६२ मध्ये जर्मनीत एमिल लांगेनच्या लक्षात आलं की लोखंडाच्या भट्टीतला तापलेला स्लॅग पाण्याने झटकन थंड केला, तर त्याचे दाणे चुन्याबरोबर घट्ट होतात. पुढे औष्णिक वीजकेंद्रांची राख अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात (१९५३) आणि आपल्या रिहंद धरणात (१९६२) वापरली गेली. तेव्हा कार्बनची चिंता नव्हती. सिमेंट घट्ट होताना उष्णता सुटते आणि एवढ्या जाड भिंतींना तडे जाऊ शकतात. राखेने ती उष्णता कमी होते.

मग राखेचं नाव बदनाम का? १९८२ पर्यंत सिमेंटवर पूर्ण सरकारी नियंत्रण होतं, ते १९८९ मध्ये संपूर्ण उठलं. टंचाईच्या त्या दिवसांत सिमेंटमध्ये काहीही मिसळलेलं दिसलं की ती भेसळच वाटायची. पण साइटवर घमेल्याने राख टाकणं वेगळं आणि कारखान्यात मापाने मिसळणं वेगळं. भारतीय मानकानुसार पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते, तर स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग.

आपल्या दगडी कोळशात ३०-४० टक्के राखच असते. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे इथे वीज तयार झाली की उरलेली राख शेजारच्या गावांच्या वाट्याला येते. सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या वीटभट्ट्यांना राख वापरणं बंधनकारक केलं. तेव्हापासून राखेकडे माल म्हणून पाहायला सुरुवात झाली. अर्थात राख वापरली म्हणून कोळसा स्वच्छ ठरत नाही, आणि कोळसा कमी झाला की राखही कमी होणार.

आता आपल्या कामाचं. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत चुना मोकळा होतो. राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू जुळून तोच चिकट पदार्थ बनवते. त्यामुळे काँक्रीट पुढे अधिक घट्ट होतं, पाणी कमी झिरपतं. पण "हळूहळू" हा शब्द विसरला की घोटाळा होतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, तर राखेच्या सिमेंटला किमान १०, आणि कडक उन्हाळ्यात १४, असं आपलं आयएस ४५६ हे मानक सांगतं. चौथ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवला आणि पुढे तडे गेले, तर बोल राखेला लावून उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कमिटीने आणि आपण सगळ्यांनी दोनच गोष्टी पाहाव्यात. पोत्यावरचा प्रकार व उत्पादनाचा आठवडा वाचावा, आणि पाणी मारण्याचे दिवस कॉन्ट्रॅक्टरच्या करारातच लिहून घ्यावेत. टँकरचा खर्च थोडा वाढेल, पण पुन्हा पुन्हा पॅचवर्क करण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडेल.