भिंतीचा खालचा भाग : कुड, साग आणि ‘परंपरा’

पालघर किंवा बोईसर-तारापूरच्या नव्या सदनिकेत भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत लाकडी फळ्यांचे आवरण द्यावे आणि त्यास ‘पारंपरिक’ म्हणावे, अशी योजना आज कोणीही सहज करू शकतो. हौसेविषयी आमचा आक्षेप नाही. आमचा प्रश्न विशेषणाविषयी आहे. ही परंपरा कोणाची?

इंग्लंडमध्ये ही पद्धत मध्ययुगाच्या उत्तरार्धात रुजली. दगडी भिंतीचा गारठा व ओल अडवणे हा तिचा मूळ हेतू होता आणि त्यासाठी ओकचे फळे बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजांनी येत. शोभेचा विचार मागाहून आला. आपल्या पेशवाईतील वाड्यांतही लाकूड विपुल आहे, परंतु ते मुख्यतः खांब, तुळया, महिरपी आणि तक्तपोशीत. भिंतीचा मान गिलाव्याला आणि चित्रांना होता. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यात याची साक्ष मिळते.

उत्तर कोकणातील वारल्यांच्या घराची भिंत याहून निराळी. लाकडी मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या उभ्या बांधून कुड करावयाचा, त्यावर माती-शेणाचा लेप द्यावयाचा. कारवी साधारणपणे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. अशा कुडातून वारा खेळतो. पावसाळ्यात खालचा लेप ओलावतो, झडतो, आणि उघडीप झाली की पुन्हा सारवला जातो. झिजणे आणि नवे होणे हे या भिंतीच्या स्वभावातच आहे. लग्नाचा चौक याच भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहीत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागदावर व कापडावर जगापुढे नेली, तरी तिचे पहिले घर हा कुडच होय.

मग या मुलखातल्या सागाचे काय झाले? १८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग जोडला गेला आणि जंगल बाजाराच्या अधिकच जवळ आले. १८७८ च्या वनकायद्याने सरकारचा ताबा पक्का केला. तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. पुढे १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी, तर १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी लढा दिला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) आपण वर्गात शिकवतो ते आत्मकथनपर लेखन म्हणून. त्यात लाकडाच्या मालकीचाही इतिहास आहे, हे मात्र निसटते. सागाचे झाड ज्याने तोडले आणि ओढून आणले, तो स्वतः कारवीच्या कुडात राहिला. साग दुसऱ्यांच्या घरांत गेला.

म्हणून या मुलखात लाकडी आवरणास ‘परंपरा’ म्हणताना थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. ते करावयाचेच असेल तर कुडाकडून एक गोष्ट घेता येईल : भिंतीला वारा हवा. फळ्या थेट भिंतीला चिकटवल्या की मागे ओल कोंडते, बुरशी धरते, वाळवी शिरते. आधी गळती व ओलीचे मूळ शोधून ते बंद करावे आणि भिंत पुरती वाळू द्यावी. त्यासाठी पावसाळ्यानंतर काही महिने थांबणे बरे. मग पट्ट्या ठोकून फळ्यांमागे पोकळी ठेवावी, खाली-वर हवेस वाट द्यावी. लाकूड चांगले मुरलेले असावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळे गंजतात, तेव्हा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बरे.

आणि एखादी भिंत मोकळी ठेवावी. या मुलखात भिंत हे लिहिण्याचेही ठिकाण आहे. सगळ्याच भिंती फळ्यांनी झाकल्या, तर ज्या परंपरेचे नाव आपण घेतो तिलाच आपल्या घरात जागा उरणार नाही.