अश्वशूळ आणि त्यावरील औषधें

घोड्यास ओकारी होत नाहीं. त्याच्या पोटशूळाचा इतिहास लिहावयाचा तर ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. कारण पुढील बहुतेक अनर्थ तिच्यांतून उद्भवतात. अन्ननलिकेचें जठराकडील द्वार इतकें घट्ट असतें कीं, आंत गेलेलें अन्न किंवा आंत सांचलेला वायु त्या वाटेनें सहसा परत फिरत नाहीं. जठर तर अवघें आठ ते पंधरा लिटरांचें. बैल फुगला असतां निकड पडल्यास डाव्या कुशींत नळी खुपसून वायु सोडतां येतो. घोडा मात्र कुशीकडे वळून पाहतो, पाय झाडतो, अंग टाकून लोळूं लागतो, आणि एकादे वेळीं उजाडेपर्यंत राहात नाहीं. ज्या काळीं मराठ्यांच्या शिलेदारास स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस उभें राहावें लागे, त्या काळीं घोड्याच्या पोटावर घरच्या सर्व माणसांचें पोट अवलंबून असे.

घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणत, तें शालिहोत्र ह्या नांवावरून. अग्निपुराणांतील अश्वचिकित्सेचा अध्याय ह्याच शालिहोत्राच्या मुखीं घातलेला आहे. त्यांत शूळावर हिंग, पुष्करमूळ, सुंठ, अम्लवेतस, पिंपळी व सैंधव ऊन पाण्याबरोबर द्यावे असें सांगितलें आहे. ही यादी वाचून आमच्या घरांतील वृद्ध स्त्रियांस हंसूं येईल. ह्यांतील निम्म्या वस्तु त्यांच्याच फडताळांतल्या! येथें प्राचीनांची स्तुति करण्याचा मोह आवरला पाहिजे. साधा शूळ पुष्कळदां आपोआप शमतो, आणि यश मात्र शेवटीं दिलेल्या औषधास मिळतें. आंतड्यास पीळ पडला असेल तर हिंगाचें कांहीं चालत नाहीं. तथापि ह्या औषधानें घोड्याचें नुकसान फारसें होत नसे, हेंहि नमूद केलें पाहिजे. कारण पुढें आलेल्या औषधांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

युरोपांत पशुवैद्यकाची पहिली शाळा बूर्जेला ह्यानें फ्रान्सांतील लियों शहरीं 1762 सालीं उघडली. पुण्यास 1862 मध्यें लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, व मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्यें. ह्या नव्या विद्येच्या पोतडींत प्रारंभीं कोरफडीचा एळिया, जवसाचें तेल, टर्पेंटाइन व अफू हींच मुख्य औषधें होतीं. पुढें टोंचण्याचीं औषधें आलीं: फायसोस्टिग्मीन, सुपारींतून 1888 मध्यें वेगळें काढलेलें आरेकोलीन, आणि शिरेंत द्यावयाचें बेरियम क्लोराइड. ह्या सर्वांच्या मुळाशीं कल्पना एकच. आंतडें चालत नाहीं काय? मग त्यास चाबूक मारा! औषध जातांच थोड्याच वेळांत लीद पडे, आणि पाहणारे थक्क होत. परंतु वाट जेथें खरोखर बंद असे तेथें तेंच आंतडें फुटे. बेरियमनें तर हृदय बंद पडून घोडा जागच्या जागीं कोसळल्याचींहि उदाहरणें आहेत. जुना सालोत्री अडाणी व नवा वैद्य शास्त्रज्ञ, ही सोपी विभागणी आम्हांस येथें मान्य करवत नाहीं.

विसाव्या शतकांत दिशा उलटली. नाकांतून जठरापर्यंत नळी घालून कोंडलेला वायु व पाणी काढूं लागले. धोतऱ्याच्या कुळांतील हायोसीनापासून केलेल्या औषधानें आंवळलेलें आंतडें सैल करूं लागले. आणि पीळ असेल तेथें औषधाचा नाद सोडून पोट उघडूं लागले. परंतु शूळ कमी करण्याचें मोठें काम ज्यानें केलें, तें औषध शूळाचें नव्हतेंच. घोड्याच्या आंतड्यास रक्त पुरविणाऱ्या धमनींत एका जंताचीं पिलें वाढत, तेथें रक्त गोठे, आणि रक्तावांचून आंतडें मरे. जपानांतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून सिद्ध झालेलें आयव्हरमेक्टिन 1981 मध्यें पशूंसाठीं विक्रीस आलें, आणि ह्या जातीचा शूळ झपाट्यानें विरळ झाला. त्याचे संशोधक ओमुरा व कॅम्बेल ह्यांस 2015 मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र मनुष्यांच्या रोगांवरील उपयोगासाठीं.

हें औषध वर्षांतून अनेकदां, गरज असो वा नसो, सर्व घोड्यांस देण्याचा प्रघात पडला. त्याचा परिणाम असा कीं, आंतड्यांतील लहान जातीचे जंत आतां त्यास पूर्वीसारखे दाद देत नाहींत. म्हणून अलीकडे पशुवैद्य प्रथम घोड्याची लीद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात, तींतील अंडीं मोजतात, आणि मगच औषध द्यावें कीं नाहीं तें ठरवितात.