मिरीचा हात औषधाला

हळदीच्या कॅप्सूलच्या डबीवर हल्ली ‘काळ्या मिरीच्या अर्कासह’ असं अभिमानाने छापलेलं असतं. हळदीच्या शेजारी ही मिरी आली कुठून?

१८१९ मध्ये हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने मिरीतलं तिखट द्रव्य, पायपरीन, वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे त्याला दिसलं. जग त्याला ओळखतं ते त्या सुईमुळे.

आपल्याकडचे वैद्य मात्र सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू सढळ हाताने वापरत होते. अडुळशाला पिंपळीची जोड दिली की दम्यावर गुण वाढतो, अशी नोंद बोस नावाच्या अभ्यासकाने १९२९ मध्ये केली होती. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पकडला. अडुळशातलं व्हॅसिसीन पिंपळीसोबत दिल्यावर प्राण्यांच्या रक्तात कितीतरी जास्त उतरलं.

असं का व्हावं? तोंडावाटे घेतलेल्या औषधाला रक्तात पोचण्याआधी दोन जकात नाके लागतात, आतड्याची भिंत आणि यकृत. तिथली एन्झाइम्स औषधाचा बराच भाग मोडून टाकतात. मिरीसारखंच पिंपळीतही असणारं पायपरीन या एन्झाइम्सनाच रोखतं, हे जम्मूच्या चमूने १९८५ मध्ये उंदरांच्या यकृतावर दाखवलं. कितीतरी औषधांची विल्हेवाट लावणारं माणसातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइमही त्यातून सुटत नाही, हे पुढे सिद्ध झालं.

म्हणजे गुण येतो तो औषधाचाच. मिरी फक्त त्याची नासाडी थांबवते. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनचा नेहमीचा डोस ४५० मिलिग्रॅम. त्यात १० मिलिग्रॅम पायपरीन घातलं तर २०० मिलिग्रॅम पुरतात, या हिशेबावर २००९ मध्ये कॅडिला या औषध कंपनीने ‘रायसोरिन’ बाजारात आणलं.

हळदीची गोष्ट १९९८ची, बंगळुरूची. हळदीतलं कर्क्युमिन नुसतं घेतलं तर रक्तात जेमतेम उतरतं. २० मिलिग्रॅम पायपरीन सोबत दिल्यावर त्याचं प्रमाण वीसपट झालं. जाहिरातदारांना आणखी काय हवं होतं!

अडचण एवढीच, की कोणतं औषध वाढवायचं हे पायपरीनला कळत नाही. फिटांवरचं फेनिटोइन आणि दम्यावरचं थिओफिलिन यांची रक्तातली पातळीही त्याने वाढल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं, आणि या दोन्ही औषधांत गुणकारी मात्रा व घातक मात्रा यांत फारसं अंतर नसतं. सारातल्या चिमूटभर मिरपुडीला घाबरायचं कारण नाही. पण अशी औषधं रोज चालू असतील, तर अर्काची कॅप्सूल सुरू करण्याआधी ती डबी डॉक्टरांना दाखवा.