पडद्याची 16.7 मिलिसेकंदं कुठून आली?

प्रतिक्रिया-वेळेचा प्रयोग संगणकावर घेणार आहात? मग आधी पडद्याचा इतिहास बघा. शिरूर अनंतपाळला वीज येते 50 हर्ट्झची. 1972 साली सुरू झालेलं मुंबई दूरदर्शनही सेकंदाला 50 अर्धी चित्रं दाखवायचं, कारण विजेशी मेळ नसला की जुन्या टीव्हीवर पट्टे सरकायचे. अमेरिकेत वीज 60 ची, म्हणून पडदेही 60 चे. संगणकाने बहुतांशी तेच उचललं: दर 16.7 मिलिसेकंदांना एक फेरी. व्ही-सिंक लावलं तर तयार चित्रही पुढच्या फेरीपर्यंत ताटकळतं, काढलं तर मधेच फाटतं. 2013 मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं. आता पडदाच चित्रासाठी थांबू लागला. 144 हर्ट्झवर तर फेरीच 6.9 मिलिसेकंदांची. प्रबंधात हे सेटिंग नोंदवलं नाही, तर दोन गटांतला 15 मिलिसेकंदांचा फरक माणसांचा की मॉनिटरचा, हे गाईडला कसं सांगाल?